उन्हाळ्याच्या फळीवर श्यामची आई

काल इथल्या वाचनालयात ग्रंथपाल बाईंनी माझ्यापुढे एक कोरं कार्ड सरकवलं. अमेरिकेत शाळांना सुटी लागली की वाचनालयांत मुलांचं उन्हाळी वाचन सुरू होतं. लेकीचं नाव घालायला गेले होते. ‘मोठ्यांचीही फळी आहे, तुम्ही एक पुस्तक सुचवा,’ असं त्या म्हणाल्या आणि मला काही सुचेचना.

आधी आठवला रॉबर्ट कॅरो. त्याने लिहिलेल्या, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सनच्या चरित्राचा पहिला खंड, ‘द पाथ टू पॉवर’, १९८२ सालचा. त्यातली निवडणुकांची पानं मी विसरले, विजेचं प्रकरण नाही विसरले. टेक्सासच्या डोंगराळ भागात वीज नव्हती, तेव्हा बायका विहिरीचं पाणी शेंदून खांद्यावरून घरी आणायच्या. म्हाताऱ्या झालेल्या त्याच बायकांनी कॅरोला आपले वाकलेले खांदे दाखवले. जॉन्सनने तिथे वीज आणली म्हणजे काय केलं, ते त्या खांद्यांवरून कळतं. माझ्या आजीच्या तळहाताला दोराचे घट्टे होते. ते पान मी दोनदा वाचलं.

राजकीय चरित्रांत आपण मागे नाही, हेही सांगायचं होतं. धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र १९५४ साली इंग्रजीत आलं, बाबासाहेब हयात असताना. पण कार्ड एकच होतं.

इथे पुस्तकं पिशवीभर नेता येतात, उशीर झाला तरी दंड नाही. याचं कौतुक मला रोज वाटतं. तरी ‘तुमच्याकडे मुलं वाचत नाहीत ना?’ असं कुणी विचारलं की राग येतो. मे महिन्यात आमचा एक ‘फास्टर फेणे’ पाच घरं फिरायचा. माझ्याकडे यायचा तेव्हा पहिली पानं गळालेली असायची, ती मी दादाच्या तोंडून ऐकायचे.

लेक मराठी छान बोलते, वाचता येत नाही. दोघांच्या नोकऱ्या, त्यात शाळेचा अभ्यास. बोलणं टिकवलं हेही काही कमी नाही.

शेवटी कार्डावर ‘श्यामची आई’ लिहिलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलेलं. शांता गोखल्यांचा इंग्रजी अनुवाद आहे, तेही खाली लिहिलं. नाव मात्र आधी देवनागरीत. बाईंनी उच्चार विचारला आणि नीट जमेपर्यंत म्हणून पाहिला.

लेकीने ‘आई’ लगेच ओळखलं. मग बोट ‘श्या’वर ठेवून विचारलं, ‘हे अर्धं का आहे?’