उंच पोराला बास्केटखाली उभं करू नका

मी राहते त्या जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गचं नाव काढलं की साताऱ्यातले लोक विचारतात, ‘‘म्हणजे फ्रँकफर्टच्या जवळ का?’’ जवळच आहे. माइन नदीकाठचं, द्राक्षमळ्यांनी वेढलेलं शहर. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले ते इथेच. पण इथल्या शाळकरी पोरांना गावातला मोठा माणूस कोण असं विचारलंत, तर राँटगेनच्या आधी डर्क नोव्हित्स्कीचं नाव येईल. घराला रंग देण्याचा व्यवसाय करणाऱ्या बापाचा हा मुलगा. जन्म १९ जून १९७८, उंची २ मीटर १३ सेंटिमीटर, म्हणजे सात फूट. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये एकवीस हंगाम खेळला, तेही सगळे एकाच संघाकडून, डॅलस मॅव्हरिक्सकडून. एकाच संघाकडून इतके हंगाम तोवर तिथे कुणीच खेळलं नव्हतं.

त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आता कारणही मिळालं. माझा भाचा साताऱ्यात दहावीला आहे. उंची सहा फूट तीन इंच, अजून वाढतोय. शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. मध्यंतरी ताईचा फोन आला. ‘‘अगं, हा म्हणतोय बास्केटबॉलमध्येच करिअर करायचं. तू तिकडे असतेस, तूच सांग बाई त्याला, असं काही असतं का?’’

असतं, ताई. पण ते कसं घडतं, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

डर्कच्या घरी खेळ होता. आई हेल्गा पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलवाले. तो स्वतः आधी हँडबॉल आणि टेनिस खेळायचा. उंचीमुळे पोरं चिडवायची. मग बास्केटबॉलकडे वळला आणि गावातल्या डीजेके वुर्त्सबुर्ग क्लबात जाऊ लागला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका सामन्यात त्याला होल्गर गेश्विंडनर या माणसाने पाहिलं. गेश्विंडनर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला. शिक्षण गणित आणि भौतिकशास्त्राचं. त्याने आईवडिलांशी बोलून पोराला शिकवायला घेतलं आणि काही काळाने त्याच्यासमोर सरळ दोन वाटा ठेवल्या. गावात हिरो म्हणून मिरवायचं असेल तर हा सराव आजच थांबवू, कारण तेवढं तुला आत्ताच येतंय. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसमोर उभं राहायचं असेल तर रोज यायचं. डर्कने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाला.

आपल्या भागात याला काय म्हणतात ते सांगायला नको. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला असंच विचारतो: जत्रेतल्या कुस्त्या मारायच्यात, का पुढं जायचंय? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून पदक आणलं, त्या जिल्ह्यातल्या लोकांना हे नातं मी काय समजावणार!

या वस्तादाने शिकवलं काय, तेच मला भाच्याच्या कानावर घालायचंय.

सात फुटी पोरगा मिळाला की कुणीही कोच काय करतो? बास्केटखाली उभा करतो. आलेला चेंडू वरच्या वर धर, वळ, टाक. समोरच्या पाच फुटी पोरांच्या डोक्यावरून रोज वीस गुण निघतात, शाळा जिल्ह्यात पहिली येते, सरांचा सत्कार होतो. गेश्विंडनरने नेमकं उलट केलं. त्याने डर्कला बास्केटपासून लांब नेलं. ड्रिबल करायला, म्हणजे चेंडूला टप्पे देत पळायला लावलं, पास द्यायला लावलं आणि लांबून शॉट मारायला शिकवलं, म्हणजे जी कामं संघातल्या बुटक्या पोरांची मानली जातात ती सगळी. सुरुवातीची वर्षं वजनं उचलायला हातही लावू दिला नाही. बोटांच्या टोकांवर जोर मारणं, तलावात वल्हवणं, वाचन, एखादं वाद्य शिकणं हे सगळं सरावातच धरलेलं. गेश्विंडनरला स्वतःला बास्केटबॉल शिकवणारा अर्नी बटलर हा अमेरिकन सैनिक जॅझ वाजवायचा, सॅक्सोफोन. त्यामुळे पायांची लय संगीतासारखी हवी, हा गेश्विंडनरचा आग्रह.

आणि गणित. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण २४. चेंडू सपाट गेला तर त्याला रिंगचं तोंड अरुंद मिळतं. उंच कमान करून वरून उतरला तर पूर्ण उघडं मिळतं. पण कमान जेवढी उंच, तेवढा जोराचा अंदाज चुकायची भीती जास्त. उंची, हाताची लांबी आणि सुटण्याचा कोन यांचा हिशेब मांडून गेश्विंडनरने डर्कसाठी चूक पोटात घेणारा शॉट बसवला. हात थोडा इकडे-तिकडे झाला तरी चेंडू आतच. पुढे यातूनच त्याचा तो प्रसिद्ध शॉट आला: डाव्या पायावर उभं राहायचं, उजवा गुडघा वर घ्यायचा, मागे झुकायचं आणि चेंडू सोडायचा. सात फुटी माणूस मागे झुकून सोडतोय, त्याला अडवणार कोण? आज एनबीएतले मोठमोठे खेळाडू तो शॉट मारतात.

हे सगळं चालायचं कुठे? बांबेर्गजवळच्या राटेल्सडॉर्फ नावाच्या खेड्यातल्या साध्या हॉलमध्ये. डर्क कोट्यधीश झाल्यावरही उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच हॉलमध्ये येऊन गेश्विंडनरबरोबर सराव करायचा. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

पुढचं थोडक्यात. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो शहरात जगातल्या तरुण खेळाडूंचा अमेरिकेच्या तरुणांविरुद्ध सामना झाला. डर्कने ३३ गुण केले, १४ रिबाउंड, म्हणजे शॉट हुकून परत आलेले चेंडू, घेतले. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, नवव्या क्रमांकावर मिलवॉकीने त्याचं नाव घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. वुर्त्सबुर्गला तो चौदा नंबर घालायचा. डॅलसमध्ये चौदा दुसऱ्याकडे होता, म्हणून आकडे उलटे करून ४१ घेतला. आज तो नंबर त्या संघात दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

पहिला हंगाम मात्र फार वाईट गेला. सामन्यामागे जेमतेम आठ गुण. अंगाने धिप्पाड खेळाडू त्याला ढकलून द्यायचे. घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण प्रशिक्षक डॉन नेल्सनने त्याला खेळवत ठेवलं आणि दुसऱ्या हंगामात सरासरी दुपटीच्या वर गेली. २००६ मध्ये अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध पहिले दोन सामने जिंकून पुढचे चार हरले. २००७ मध्ये तो हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळालेला पहिला युरोपियन. आणि त्याच वर्षी त्याचा अव्वल संघ पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या संघाकडून बाहेर पडला. नंतर तो गेश्विंडनरला घेऊन ऑस्ट्रेलियात कित्येक आठवडे भटकत होता. सगळे म्हणायचे, हा चांगला आहे, पण मोक्याला कच खातो. विजेतेपद आलं १२ जून २०११ ला, पुन्हा मायामीविरुद्धच. तेव्हा तो तेहेतिशीला टेकला होता आणि तेरावा हंगाम चालू होता. त्या मालिकेत डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटलेला होता, एक सामना तर अंगात ताप घेऊन खेळला. शेवटची शिट्टी झाल्यावर मैदानात नाचण्याऐवजी तो सरळ आत खोलीत पळाला आणि रडला. करंडक घ्यायला त्याला बोलावून आणावं लागलं. इथल्या राजवाड्यासमोरच्या मैदानात मग त्याच्या स्वागताला हजारो लोक जमले होते. शेजारच्या आजी अजूनही ते सांगताना खिडकीतून तिकडे हात करतात.

२०१४ मध्ये दुसरे संघ जास्तीत जास्त पैसे द्यायला तयार असताना तो कमी पैशात डॅलसलाच राहिला. २०१९ मध्ये थांबला तेव्हा खात्यावर ३१,५६० गुण होते, एनबीएच्या इतिहासात त्या वेळी सहाव्या क्रमांकाचे.

आता इथल्या क्लबाबद्दल. माझी मुलगी बारा वर्षांखालच्या गटात खेळते. शनिवारी सकाळी सामना असतो. हॉलच्या दाराशी टेबल लावून आया केक आणि कॉफी विकतात, त्या पैशातून पोरांचे चेंडू येतात. गुण लिहायला, घड्याळ चालवायला पालकच बसतात. मीही बसते, फाउल झाला की नंबर लिहायचा आणि पाटी वर करायची. बास्केट मोठ्यांपेक्षा खाली लावलेली, चेंडू लहान. आणि एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: लहान वयोगटांत झोन डिफेन्स, म्हणजे खेळाडूऐवजी जागा अडवून उभं राहणं, चालत नाही. प्रत्येकाने आपापल्या समोरच्या खेळाडूलाच धरायचं. झोन लावला की उंच मुलगी बास्केटखाली हात वर करून उभी राहणार, समोरच्यांना आत येताच येणार नाही, सामना जिंकला जाईल आणि कुणीच काही शिकणार नाही. आमच्या संघात एक मुलगी इतरांहून डोकंभर उंच आहे. कोचबाई तिलाच चेंडू वर न्यायला, म्हणजे टप्पे देत समोरच्या बास्केटकडे न्यायला सांगतात. चेंडू हातून सुटतो, पलीकडच्या पोरी पळवतात, आम्ही सामना हरतो. दुसऱ्या शनिवारी पुन्हा चेंडू तिच्याच हातात.

आपल्याकडे काय होतं? शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. हरलात की त्या वर्षीचा खेळ संपला. वर्षात मोजके सामने. एवढ्या थोड्या सामन्यांत कुठले सर उंच पोराला चुका करू देतील? त्यांच्यावरही दबाव असतो, संघ पुढे गेला की सर्टिफिकेट, त्यावर दहावीचे क्रीडा गुण. म्हणून माझ्या भाच्याला बास्केटखाली उभं केलंय आणि त्याला फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर कुणी न अडवता मिळणारा शॉटसुद्धा धड येत नाही. डर्कने २०११ मध्ये ओक्लाहोमाविरुद्धच्या एका सामन्यात चोवीसपैकी चोवीस फ्री थ्रो टाकले होते.

साताऱ्यात गुणवत्ता नाही, असं कुणी म्हणू नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली, वय सतरा. त्याच दिवशी साताऱ्यातच प्रवीण सावंत सरांकडे शिकलेला ओजस देवतळेही जगज्जेता झाला. इथे जर्मनीत बसून साताऱ्याचं नाव ऐकताना मी अक्षरशः रडले. तिच्या शिक्षक वडिलांनी मुलीच्या खेळासाठी गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केलं होतं. पण तिरंदाजीत एक चांगला गुरू आणि एक रिकामं शेत मिळालं तरी जगज्जेता घडू शकतो. बास्केटबॉलला समोर रोज पाच जण लागतात, आणि दर आठवड्याला दुसरा संघ. डर्ककडे वस्तादही होता आणि क्लबही. गेश्विंडनरने शिकवलेलं आजमावायला त्याला दुसऱ्या विभागातल्या लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध पूर्ण हंगाम मिळत होते. १९९८ मध्ये वुर्त्सबुर्गचा संघ पहिल्या विभागात गेला तो त्याच्याच जोरावर.

पंजाबच्या सतनामसिंग भमराला २०१५ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलं तेही डॅलसनेच. ड्राफ्टमधून निवडला गेलेला तो पहिला भारतीय. सात फुटांहून उंच, म्हणजे अंगकाठीत डर्कपेक्षा कमी काही नव्हतं. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो अमेरिकेत गेला, तोवर त्याला दर आठवड्याला खेळायला लीग कुठे होती? माझ्या मते फरक तिथेच पडला.

म्हणून ताईला मी जे सांगितलं ते असं. एनबीएचं नाव घरात काढूच नका. तीस संघ, प्रत्येकी पंधरा जण, साऱ्या जगातून. भारतात आज बास्केटबॉलवर पोट भरणारे बहुतेक जण रेल्वे, ओएनजीसी, बँका अशा ठिकाणी नोकरीला राहून खेळतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत. हे करिअर आहे, आणि चांगलं आहे. पण त्यासाठी अठराव्या-विसाव्या वर्षी मोठ्या माणसांत टिकावं लागतं, आणि तिथे सहा फूट तीन ही उंची काही विशेष नसते. तिथे हा बास्केटपासून लांब, गार्ड किंवा फॉरवर्ड म्हणूनच खेळू शकेल. मग ड्रिबल आणि शॉट आत्ता नाही शिकायचं तर कधी?

ताई सरांना जाऊन भेटली. सर ऐकून घेणारे निघाले. म्हणाले, स्पर्धेत मला जोखीम घेता येणार नाही, पण स्पर्धा संपल्यावर याला चेंडू वर न्यायला लावतो, आणि कराड-कोल्हापूरच्या शाळांना रविवारी सरावाच्या सामन्यांना बोलावून बघू. खर्चाचं काय, एवढाच प्रश्न आहे: दोन जीप, नाश्ता, पंच. साताऱ्यातल्या जुन्या खेळाडूंपैकी कुणाला यात हातभार लावायचा असेल तर मला जरूर लिहा, मी सरांशी गाठ घालून देते. केक विकायची वेळ आली तर ताईचा हात त्यात चांगला आहे.