सुचव ना काहीतरी

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, म्हणजे मी ठाणे स्टेशनच्या जिन्यात एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात मेथीची जुडी धरून गर्दीबरोबर वर ढकलली जात असते तेव्हा, वहिनीचा मेसेज येतो. "सुचव ना काहीतरी बघायला." चार शब्द. पण त्यांच्या मागून एकेक अट येत राहते, टिंग टिंग टिंग. फार रडकं नको. मोठं नको, साडेदहाला झोपायचंय. सासूबाई पण बसणारेत. मुलं पण. मारामारी नको, पण बोअर पण नको. आणि सगळ्यात शेवटी, "तुला खरंच आवडलेलं सांग हां, उगाच कुठलंतरी नको." आता एवढ्या चाळण्यांतून गाळून खाली काय पडणार, तर हवामानाचा अंदाज.

पण नाही म्हणता येत नाही. घरात कसं एकेकाकडे एकेक खातं असतं, कुणी गॅस बुक करतं, कुणी सगळ्यांच्या बीपीच्या गोळ्या लक्षात ठेवतं, तसं आमच्याकडे हे सुचवायचं खातं माझ्याकडे आहे. कधी आलं, कुणी दिलं, काही आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. कुणी विचारलं नाही तरी मी सुचवते. म्हणजे जास्त करून कुणी विचारलेलं नसतंच.

रारंगढांग या कादंबरीची माझ्याकडे आत्ता आहे ती चौथी प्रत. पहिली होस्टेलच्या रूममेटने नेली, तिचं लग्न होऊन ती नागपूरला गेली आणि पुस्तकही गेलं. दुसरी चुलतभावाकडे, तो म्हणतो परत दिली, मी म्हणते नाही, हे भांडण आता दर दिवाळीत फराळाबरोबर होतं. तिसरी आमच्या दाताच्या डॉक्टरकडे आहे. त्याचं असं झालं की रूट कॅनल चालू असताना ते असिस्टंटला सांगत होते की मे महिन्यात हिमाचलला जायचंय, आणि मी तोंडात कापसाचे बोळे असताना "आआं आंआं" करून त्यांना ते पुस्तक सुचवायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं दुखतंय, अजून एक इंजेक्शन दिलं. पुढच्या सिटिंगला मी पुस्तकच घेऊन गेले.

हे पुस्तक सुचवताना माझी एक पंचाईत होते ती म्हणजे काय सांगायचं. एक तरुण इंजिनिअर मुंबईची नोकरी सोडून हिमालयात लष्करासाठी रस्ता बांधायला जातो, एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो अच्छा, रस्त्याचं पुस्तक आहे का. हो, रस्त्याचं आहे. ढांग म्हणजे सरळसोट उभा कडा, त्याच्या अंगातून रस्ता काढायचाय आणि वरचे साहेब म्हणतात एक आणि जागेवरचा डोंगर म्हणतो दुसरंच. प्रभाकर पेंढारकर माहितीपट करणारे होते, त्यामुळे असेल कदाचित, पण सुरुंग कसा लावतात, दगड कुठून सुटतो, थंडीत माणसं कशी बसून राहतात, हे सगळं डोळ्यांपुढे येतं आणि कुठे फुलोरा नाही. १९८१चं पुस्तक आहे, शनिवारी दुपारी सुरू केलं तर रविवारी जेवायच्या आत संपतं. ज्या माणसाच्या ऑफिसात कधीही "वरून ऑर्डर आहे" हे वाक्य ऐकू आलंय त्याने तर वाचायलाच पाहिजे. पण हे सगळं मी तोंडी बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि समोरच्याचे डोळे मोबाईलकडे जायला लागतात, म्हणून आता मी बोलतच नाही, हातात पुस्तक देते आणि विषय बदलते.

सिनेमाचं त्याहून अवघड. पुस्तक माणूस आपल्या घरी जाऊन वाचतो, आवडलं नाही तर आपल्याला निदान बघावं लागत नाही. सिनेमा आपण शेजारी बसून दाखवतो. किल्ला मी भावजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, आग्रहाने दाखवला. वडील गेलेत, आईची सरकारी नोकरीत बदली झालीय आणि अकरा वर्षांचा मुलगा पुण्याहून कोकणातल्या एका छोट्या गावात येऊन पडलाय, नवी शाळा, नवे मित्र, एवढंच आहे. अविनाश अरुणचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा, मूळचा तो कॅमेरामन, त्यामुळे पाऊस असा दिसतो की सोफ्यावरची उशी दमट वाटायला लागते. २०१४ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या ज्युरीने त्याला बक्षीस दिलं होतं, हे मी भावजींना आधीच सांगून टाकलं, आणि तीच चूक झाली बहुतेक, बक्षीस म्हटलं की माणूस सावध होतो.

मग काय, पावणेदोन तास सिनेमा भावजींनी बघितला आणि मी भावजींना बघितलं. पोरं सायकली हाणत किल्ल्यावर जातात आणि मग जोराचा पाऊस येतो आणि हा एकटा मागे राहतो, तो सीन येणार हे मला माहीत, म्हणून मी हळूच म्हटलं, "आता बघा हां." तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय?" गेला सीन. नंतर चिवड्याच्या डब्यात खालचे दाणे शोधायला म्हणून जी मान खाली घातली ती आई आणि मुलाच्या एका अख्ख्या भांडणात वर नाही. संपल्यावर म्हणाले, "छान आहे. कोकण मस्त दाखवलंय. पण घडत काहीच नाही हो."

मी दोन दिवस गप्प होते. आणि मग आठेक महिन्यांनी एका लग्नात जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे भावजी उभे, कुणाला तरी सांगतायत, "किल्ला बघा तुम्ही, स्लो आहे, पण बघा, तो पाऊस बघा, तो पोरगा एकटा राहतो ना तिथे." माझं नाव नाही घेतलं हो! एकदाही नाही. मी मागे ताट धरून उभी, ताटात नुसती कोशिंबीर.

टिपरे मात्र कधी फसत नाही. श्रीयुत गंगाधर टिपरे, २००१ला अल्फा मराठीवर सुरू झालं होतं, दिलीप प्रभावळकरांच्याच अनुदिनी पुस्तकावरून, आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका, पाच माणसं आणि एक घर. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीला, ती मूळची कोइम्बतूरची, मराठी शिकायचं होतं, तिला म्हटलं हे बघ, यात कुणी कुणाच्या जेवणात विष कालवत नाही आणि माणसं घरात जसं बोलतात तसं बोलतात. तिने मनावर घेतलं, रोज लोकलमध्ये एक एपिसोड. झालं काय की तिला आबा इतके आवडले की तिचं मराठी आता सत्तरीच्या पेन्शनरसारखं झालंय. परवा मीटिंगमध्ये प्रोजेक्ट लांबतोय म्हटल्यावर चोवीस वर्षांची ती पोर चष्मा सारखा करत म्हणाली, "चालायचंच." मी दुसरीकडे बघितलं.

खाण्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. कर्जतचा वडा. मी आजवर किती जणांना सुचवलाय त्याचा हिशोब नाही. एका मैत्रिणीने इतकं ऐकून ऐकून एका रविवारी गाडी काढली, नवरा, दोन मुलं, एसी, गाणी, दीड तास ड्राइव्ह, आणि कर्जतला जाऊन वडा खाल्ला. संध्याकाळी फोन. "ठीक होता गं." ठीक! मी जरा चिडलेच, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हिला मी अर्धाच वडा सांगितला होता.

कारण तो वडा कसा खायचा असतो, तर मुंबईहून पुण्याकडे जाताना गाडी कर्जतला थांबते. पुढे बोरघाटाची चढण, ती एकट्या इंजिनाने चढत नाही म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. ती लागेपर्यंत गाडी उभी, आणि तेवढ्या काही मिनिटांत खाली उतरायचं, गर्दीत हात घालायचा, कागदात गुंडाळलेले दोन वडे, पाव, ती कोरडी लाल चटणी, सुटे पैसे, आणि हे सगळं करताना एक कान मागे, कारण इंजिन लागलं की डब्याला एक धक्का बसतो आणि डब्यातून आई ओरडते, "चल लवकर!" लहानपणी सुट्टीत आजोळाहून येताजाताना मी बाबांना प्लॅटफॉर्मवरून पळत येताना बघितलंय, तोंडात दहाची नोट धरलेली, दोन्ही हातांत वडे. तो वडा चटका बसेल इतका गरम असायचा आणि घाटातला पहिला बोगदा येईपर्यंत संपवायचा असा आमचा नियम होता, बोगद्यात अंधार झाला की भाऊ माझा घास पळवायचा. आता हे सगळं मी मैत्रिणीला कसं सुचवणार? तिला पार्किंग मिळालं होतं, आरामात बसून खाल्ला, कुणी ओरडलं नाही, शिट्टी वाजली नाही. ठीकच लागणार.

मिसळीबद्दल तर मी बोलणंच सोडलंय. ठाण्याची माणसं मामलेदार कचेरीला लागून असलेल्या मिसळीपलीकडे बघत नाहीत, मीही नाही, पण ऑफिसात एक कोल्हापूरकर आहे आणि त्याच्यासमोर तो शब्द काढायची सोय नाही. तुम्ही पुण्यात सँपल म्हणा, नागपुराकडे तर्री म्हणा, तो म्हणतो कट, आणि पाव नाही, ब्रेडचे स्लाइस. मी म्हटलं ब्रेड रश्शात विरघळतो रे. तो म्हणाला, "विरघळायच्या आत खायचा." यावर काय बोलणार. आम्ही आता फक्त चहा सुचवतो एकमेकांना.

मला विचाराल तर सुचवणारा बघायचा असेल तर आमच्या ऑफिसच्या गल्लीत एक सहा टेबलांचं हॉटेल आहे तिथले गल्ल्यावरचे काका बघावेत. मी थालीपीठ म्हणायला तोंड उघडलं की ते नोटा मोजता मोजता, मान वर न करता म्हणतात, "ताई, आज नको. दही आंबट झालंय. पोहे घ्या." बस. इतक्या वर्षांत त्यांनी मला काही घ्या म्हणून आग्रह केलेला नाही, फक्त काय नको ते सांगतात, आणि पोहे कायम गरम असतात, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड पिळण्याइतकी जाड. मी वहिनीला असं कधी म्हणू शकेन का, की आज नको बघूस काही, तू दमलीयस, झोप? एकदा म्हणून बघितलं. रागावली.

आणि मला जे लोक सुचवतात त्याचं मी काय करते? तर लिहून ठेवते. फोनमध्ये एक यादी आहे, खूप वर्षं जुनी, सिरीज, पुस्तकं, डॉक्युमेंटरी, कुठल्यातरी घाटातलं कांदाभजीचं दुकान, सगळं एकत्र. काही नोंदी आता मलाच लागत नाहीत. एका ठिकाणी नुसतं लिहिलंय "निळं कव्हर, मांजर, मस्त आहे म्हणाली". कोण म्हणाली? नाव नाही. तरी पुसवत नाही. कुणीतरी कधीतरी रिक्षात किंवा लिफ्टजवळ उभं राहून एवढ्या जीव तोडून सांगितलेलं असतं.

यादीत नसलेलं एकच, कारण तेव्हा फोन नव्हते. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी बाबांनी मला बनगरवाडी वाच म्हणून सांगितलं होतं. साताऱ्याच्या घरात कपाटात होतं, खाकी कव्हर घातलेलं. मी तेव्हा वाचलं नाही, कॉलेजात नाही, लग्नानंतर कपाट आवरताना हातात येऊन परत ठेवलं. बाबा अधूनमधून विचारायचे, मग विचारायचे बंद झाले. परवा दिवाळीत मी ते पुस्तक उचलून ठाण्याला आणलं आणि दोन रात्रींत वाचून काढलं. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे आलेला पोरगेला मास्तर, तो म्हातारा कारभारी, आणि पुढचं ते सगळं. दुसऱ्या रात्री पावणेअकराला, वेळ न बघता, मी साताऱ्याला फोन लावला.

"बाबा, बनगरवाडी वाचलं!"

"कुठलं?"

"अहो तुम्हीच सांगितलेलं! दहावीच्या सुट्टीत."

"मी?" थोडा वेळ शांतता. "असेल. माडगूळकरांचं ना? काय होतं गं त्यात?"

म्हणजे बघा. पंचवीस वर्षं मी ज्या गोष्टीचं ओझं वागवत होते ती सांगणारा माणूस केव्हाच विसरून मोकळा. मला आधी हसू आलं आणि मग सांगायला तोंड उघडलं, तालीम, मेंढरं, कारभारी, सगळं जिभेवर आलं होतं, आणि गल्ल्यावरच्या काकांची आठवण झाली का काय कोण जाणे, मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी कुरियरने पुस्तक साताऱ्याला परत पाठवलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी बाबांना एका वेळी थोडंच वाचायला सांगितलंय, त्यामुळे रोज आठ-दहा पानं. रात्री नऊला फोन येतो. आधी पाऊस किती, मग आईचा गुडघा, मग वाडीत काय चाललंय ते. मी फक्त हं हं करते. काल म्हणाले, "सगळी वाडी मिळून तालीम बांधायला लागलीय. तो मास्तर भारीच आहे गं."

"हो ना."

"पुढचं सांगू नको."

"नाही सांगत."

"तू वाच पण. चांगलं पुस्तक आहे."