दुखवट्याच्या घरी पाहुणे

रविवार, २ नोव्हेंबर २०२५, कोल्हापूर

सकाळी रंकाळ्यावरून चालून घरी येतोय तोवर भाच्याचा फोन. मामा, आमचं पुढच्या आठवड्यात बँकॉकचं तिकीट आहे आणि तिकडं राजमाता वारल्यात, जाऊ का कॅन्सल करू, आणि काळेच कपडे घालायला लागतात का. राजमाता म्हणजे थायलंडच्या आत्ताच्या राजाची आई सिरिकित, २४ ऑक्टोबरला गेल्या, ९३ वर्षांच्या होत्या. सरकारी नोकरांना वर्षभर आणि बाकी लोकांना ९० दिवस दुखवट्याचे कपडे वापरा असं तिथल्या सरकारनं सांगितलंय. म्हटलं जा की, हॉटेलं, बाजार सगळं चालू आहे, त्यांचं पोटच पाहुण्यांवर आहे, फक्त संध्याकाळी घरी ये, बोलू. फोन ठेवला खरा पण दिवसभर २०१७ च डोक्यात फिरतंय, म्हणून लिहायला बसलोय.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं टूरबरोबर गेलतो. थायलंडचे राजे भूमिबोल, याच सिरिकित यांचे पती, १३ ऑक्टोबर २०१६ ला वारले, ७० वर्षं गादीवर होते, म्हणजे तिथल्या बहुतेक लोकांनी दुसरा राजा बघितलेलाच नव्हता. वर्षभर दुखवटा पाळून अंत्यसंस्कार ठेवले २६ ऑक्टोबर २०१७ ला, आणि आमची टूर नेमकी त्याच आठवड्यात. पैसे भरताना ही तारीख आम्हाला कुणी सांगितली नाही आणि आम्हीपण विचारली नाही, ते चुकलंच.

पाडव्याच्या संध्याकाळी बॅगा भरायला घेतल्या तर हिनं कपाटातनं संक्रांतीची काळी साडी काढली. आपल्या घरात काळं म्हणजे तेवढंच, संक्रांतीपुरतं. आई तिथंच बसलेली, म्हणाली दिवाळीत काळं कशाला काढलंस गं. ही म्हणाली आत्ती, त्यांच्यात माणूस गेलंय. आई जरा वेळ गप्प बसली मग म्हणाली, मग ने, मयताच्या घरी कोण नवं कोरं नेसून जात न्हाई. मला वाटतं दुसऱ्याच्या देशात दुखवट्यात कसं वागायचं ते सगळं त्यातच आलं, आमची आई कधी मुंबईच्या पलीकडं गेलेली नाही.

बँकॉकमध्ये उतरल्यावर आधी दिसला तो झेंडू. रस्त्याकडेला, दुकानांच्या दारात, ऑफिसांपुढं कुंड्याच कुंड्या. राजे सोमवारी जन्मलेले, तिकडं सोमवारचा रंग पिवळा, म्हणून लोकांनी अंत्यसंस्काराच्या दिवसांत बरोबर फुलेल अशा बेतानं झेंडू लावलेला. आम्ही दसऱ्याला दाराला तोरण लावून महिनाही झाला नव्हता, तेच फूल. आणि त्या पिवळ्यातनं चाललेली सगळी माणसं काळ्या कपड्यात, बसमध्ये, पुलावर, भाजीच्या गाडीवर. पण गाडीवरची बाई हसून पपई कापून देत होती हेही खरं, दुखवटा म्हणजे माणूस चोवीस तास रडत बसत नाही.

राजवाडा महिनाभर पाहुण्यांना बंद होता, ३० तारखेला उघडणार होता. आमच्या ग्रुपमधली काही माणसं गाईडवर चिडली, आम्ही पैसे भरलेत, आधी का नाही सांगितलं. बोलणं खोटं नव्हतं पण ते रस्त्यात उभं राहून, मोठ्या आवाजात, आणि बाजूनं माणसं राजाचा फोटो छातीशी धरून चाललेली. गाईड बिचारी काळा ड्रेस घालून मान खाली घालून सॉरी सॉरी म्हणत होती, तिच्याही घरातलंच माणूस गेल्यासारखं होतं ते. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. तरी माझ्याही हातनं चूक झालीच, फुटपाथवर एक आजी बसून रडत होत्या आणि मी मोबाईल वर केला. हिनं माझा हात धरून खाली घेतला, काही बोलली नाही. तो फोटो नाही माझ्याकडं, पण त्या आजी अजून दिसतात.

२६ तारखेला रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं फूल वाहायला येता का. तिकडं मयताला चंदनाचं फूल वाहतात, लाकडाच्या पातळ सालीचं किंवा कागदाचं केलेलं, पांढरं, आलेला प्रत्येक माणूस एकेक चितेपाशी ठेवतो. खरी चिता सनाम लुआंग मैदानावर, मेरू पर्वतासारखा ५० मीटर उंच मंडप केलेला, पण तिथं सगळे मावणार कसे, म्हणून देशभर त्या मंडपाच्या प्रतिकृती उभारलेल्या. आम्ही एका ठिकाणी रांगेत लागलो, तासनतास उभे, कुणी पाण्याची बाटली देतंय, कुणी पुठ्ठ्यानं आम्हालाच वारा घालतंय. फूल ठेवताना मला पंचगंगेचं स्मशान आठवलं. आपल्याकडं महापालिका पैसे न घेता दहन करते आणि होळीला लोक होळी लहान करून शेणी म्हणजे गोवऱ्या स्मशानाला देतात, ती शेणी कुणाच्या चितेवर जाणार हे देणाऱ्याला माहीत नसतं. इथं ज्याच्यासाठी फूल त्याला मी कधी बघितलेलं नव्हतं. पण चितेला आपला एक हात लागावा ही माणसाची इच्छा तीच, तिथं फूल आणि इथं शेणी.

परक्या गावात जळलेली चिता कोल्हापूरला काही नवीन नाही. आपले राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीचे, इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघे २० वर्षांचे. तिथं दहन करायची पद्धतच नव्हती, तरी त्या शहरानं खास परवानगी दिली आणि आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर आपल्या रीतीनं अग्नी दिला गेला. पुढं तिथं त्यांच्या स्मारकाची छत्री झाली, शेजारच्या पुलालापण त्यावरनं इंडियानो म्हणतात. आपल्या राजाचं त्यांनी केलं तर आपण त्यांच्या रांगेत दोन तास उभं राहिलो यात काय मोठं.

संध्याकाळी भाचा येऊन गेला. त्याला सांगितलं पाहुण्यांवर काळ्याची सक्ती नाही, पांढरं, करडं, निळं साधं काहीही चालतं, भडक नको, देवळात खांदे गुडघे झाकलेले पाहिजेत ते तर एरवीपण. राजघराण्याबद्दल तिथं चार लोकांत काही बोलू नको, थट्टेतपण नको, राजा-राणीचा अपमान तिथं कायद्यानं गुन्हा आहे, कलम ११२. रील काढायच्या तर समुद्रावर काढ, फुलं ठेवलेल्या फोटोपुढं नको. तो ऐकत होता, मग म्हणाला मामा माझ्याकडं साधा शर्टच नाही, सगळे छापाचे. माझे दोन पांढरे त्याला बसतात, ते इस्त्रीला टाकलेत, मंगळवारी मिळतील.