नानांची सात नंबरची गाठ

"माय, मनं पोट फाडतीन का?" शिरपूरच्या स्टँडवर, मुंबईची गाडी लागायच्या आधी नानांनी मला एवढंच विचारलं. सीटी स्कॅनची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

यकृतात ३.५ सेंटीमीटरची गाठ. कारण जुना हिपॅटायटिस बी, कधी लागला कुणालाच ठाऊक नाही. गाठ लहान म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता. पण त्याआधीच्या एका डॉक्टरांनी बरगडीखालून लांब छेद घ्यावा लागेल असं सांगितलं होतं, आणि नानांची झोप तेव्हाच उडाली.

मुंबईच्या सर्जननी कागदावर यकृत काढून त्याचे आठ भाग पाडले आणि सातव्यावर पेन टेकवलं. हा भाग वर आणि मागे, बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला लागून. पोट न फाडता, लहान भोकांतून दुर्बिणीने गाठ काढायची, तर बेंबीकडून गेलेल्या दुर्बिणीला यकृताचा फुगवटा आडवा येतो, आणि हृदयाकडे जाणारी मोठी नीला तिथून जवळच. २००८ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलला जमलेल्या तज्ज्ञांनीही दुर्बिणीसाठी २ ते ६ हेच भाग सोयीचे धरले होते. आता सरावलेले हात सातव्यापर्यंत जातात. "पण रक्त आवरलं नाही तर उघडून करेन, आधीच सांगतो," असं ते स्पष्ट बोलले. मला त्यांचा विश्वास वाटला तो या वाक्यामुळे.

नानांना डाव्या कुशीवर झोपवणार होते, म्हणजे यकृत आपल्याच वजनाने खाली सरकतं आणि मागची बाजू उघडी पडते. पोटात सोनोग्राफीची दांडी घालून गाठीची कड शोधायची. यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या पट्टीने १५ मिनिटं आवळायच्या, ५ मिनिटं सोडायच्या. कपाशीला ठिबक असलेले नाना लगेच म्हणाले, "कॉक बंद करीसन नळी कापतस, तसंच ना?" सर्जननी मान डोलावली.

साडेपाच तास लागले. पाच भोकं, आणि गाठ पिशवीत घालून बाहेर काढायला ओटीपोटावर एक आडवा छेद. दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. मी घाबरले. पोटात भरलेल्या गॅसमुळे श्वासपटल चिडतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं, असं सिस्टरनी समजावलं.

सहाव्या दिवशी घरी आलो. हिपॅटायटिसची गोळी रोजची आहे, आम्हा तिन्ही भावंडांच्या तपासण्याही झाल्या. परवा नाना ओट्यावर बसून शेजारच्या आबांना सदरा वर करून टाके मोजून दाखवत होते. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी. तारीख त्यांनी कपाशीच्या हिशोबाच्या वहीत, पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे.