नाव मोठं की हप्ता मोठा?

फोंड्याच्या मुलाच्या हातात परदेशी मास्टर्सची दोन पत्रं असतील, एक गाजलेल्या विद्यापीठाचं आणि एक स्वस्त, तर आधी हप्ता काढा. 40 लाखांचं कर्ज सुरुवातीलाच उचललं, व्याज साडेदहा टक्के, तर हप्ते सुरू होण्याआधीच्या दोन वर्षांच्या सवलतीत सरळव्याजानेच 8 लाख 40 हजार चढतात. पुढे दहा वर्षं महिना सुमारे 65,000 रुपये. व्हिसा संपून गोव्यात परतावं लागलं तर इथल्या पगारात हे झेपेल का? याचं उत्तर घरात मोकळेपणाने बोला. बऱ्याचदा आईबाबांचं घर तारण असतं हो! गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे, बँकेआधी तिथे विचारा.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुधा फी नसते, पण सरसकट तसं धरू नका. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात अशाच नव्या मास्टर्सवाल्यांना सत्राला 4,000 ते 6,000 युरो. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना हा जाच नाही, मात्र तो घेताच भारतीय नागरिकत्व जातं. फी वाचवण्यापुरता हा निर्णय घेऊ नये.

नावाला किंमत आहेच, पण विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा विभाग बघा. लिंक्डइनवर त्याच कोर्सची मागच्या दोन बॅचची भारतीय मुलं शोधा आणि पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली ते विचारा.