तुम्ही विचारलंत म्हणून : बांधाच्या दोन बाजूंच्या वाइनमधला फरक जिभेला कळतो का?

मी फ्रान्समधल्या ल्योन शहरात राहते आणि वर्षातून चार-पाच वेळा बर्गंडी या वाइनच्या प्रदेशात जाऊन तिथल्या वाइन करणाऱ्यांच्या तळघरांत वाइन चाखते, हे ज्यांना ठाऊक आहे ते सगळे, मग ते पुण्यातले मित्र असोत की निफाडकडचे आमचे बागायतदार नातेवाईक, फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात. गाव एक, द्राक्षाचे वाण एक, वर्ष एक आणि वाइन करणारा माणूसही एकच असताना, बांधाच्या अलीकडच्या शेतातली बाटली एका भावाने आणि पलीकडची त्याहून बऱ्याच चढ्या भावाने का विकली जाते? आणि तो फरक तुम्हांला खरोखर कळतो, की बाटलीवरचे नाव वाचल्यामुळे कळल्यासारखा वाटतो?

कळतो. मात्र दोन्ही वाइन शेजारीशेजारी ठेवलेल्या असाव्या लागतात. एका मैत्रिणीने तिच्या घरी मला नाव न सांगता एकच पेला दिला, तेव्हा ती वाइन कोणत्या शेताची हे मला सांगता आले नव्हते, आणि आजही दर वेळी सांगता येईल असा माझा दावा नाही. एकाच तळघरात, एकाच हाताने वाढवलेल्या दोन वाइन पाठोपाठ चाखल्या, की मग शंकेला फारशी जागा उरत नाही.

मर्सो या गावाचे उदाहरण देते, कारण मला हा फरक पहिल्यांदा तिथेच उमगला. बोन शहराच्या दक्षिणेला असलेले हे गाव शार्दोने द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनसाठी नावाजलेले आहे. गावाच्या दक्षिण टोकाला, पुलिन्यी गावाच्या शिवेजवळ, उतारावर दोन शेतांचे पट्टे एकाखाली एक येतात. वरच्याचे नाव पेरिएर, म्हणजे दगडाच्या खाणी, आणि तिथे पूर्वी खरोखरच दगड काढला जात असे. खालच्याचे नाव शार्म. मधून जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढी वाट आहे. दोन्ही शेतांना प्रीमिए क्रू, म्हणजे वरून दुसरा, असा एकच दर्जा आहे आणि तरीही पेरिएरची बाटली नेहमी महाग असते.

हा फरक उमगला त्या दिवशी मर्सोतल्या तळघरात साधारण बारा अंश तापमान होते आणि बाहेरच्या उन्हातून आल्यावर दंडावर काटा आला. दोनशे अठ्ठावीस लिटरची लाकडी पिंपे दोन्ही बाजूंना ओळीने मांडलेली होती आणि पायांखाली खडी पसरलेली होती, कारण चाखलेली वाइन तिथेच थुंकायची असते. घरधन्याने एका पिंपाचे बूच काढले, काचेची लांब नळी आत सोडली, वरचे भोक अंगठ्याने दाबून धरले आणि माझ्या पेल्यात दोन घोट सोडले. ते शार्म होते. तोंडात जाताच ते पसरले. पिकलेल्या नासपतीसारखे भरीव, जिभेवर सगळीकडे सारखे बसणारे. मी थुंकले, उरलेली वाइन त्याने माझ्या पेल्यातून परत त्याच पिंपात ओतली (तिथे थेंबही वाया घालवत नाहीत) आणि चार पावलांवरच्या दुसऱ्या पिंपातून पेरिएर दिली. ही वाइन पसरली नाही. ती जिभेच्या मधोमध एका रेषेत सरळ गेली, ताणलेल्या दोरीसारखी, आणि थुंकल्यानंतरही गालांच्या आत पाणी सुटत राहिले. मी मनात आकडे मोजत होते आणि तिची चव पुष्कळ वेळ मावळली नाही. लाकूड तेच, यीस्टचा गाळ तसाच आणि माणूसही तोच होता. बदलले होते ते फक्त शेत.

बर्गंडीत अशा नाव असलेल्या शेताला क्लिमा म्हणतात. दिजोंपासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेल्या त्या अरुंद उतारावर असे १,२४७ क्लिमा आहेत आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. ही नावे विक्रीसाठी अलीकडे शोधून काढलेली नाहीत. १०९८ साली स्थापन झालेल्या सितो मठाच्या साधूंनी क्लो द वुजो या शेताची जमीन लावली आणि तिच्याभोवती भिंत घातली, ती भिंत आजही उभी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या आणि पुढे १८०४ च्या दिवाणी संहितेने सर्व मुलांना समान वाटा दिला. भाऊबंदांच्या वाटण्यांत शेतीचे तुकडे कसे पडतात हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. क्लो द वुजो हे आज सुमारे पन्नास हेक्टरचे एकच क्लिमा आहे, पण त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत आणि त्यांतल्या काहींच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. म्हणून बर्गंडीत नुसते शेताचे नाव वाचून बाटली घेणे मला धोक्याचे वाटते. त्याच भिंतीच्या आत उत्तम वाइनही होते आणि सुमार वाइनही होते. करणाऱ्याचे नाव आधी पाहावे आणि शेताचे नंतर, या मतावर मी ठाम आहे.

वाइन करणाऱ्याला तिथे विन्येरों म्हणतात आणि या शब्दाचा खरा अर्थ वेलींची शेती करणारा असा आहे. मला भेटलेले बहुतेक विन्येरों सकाळी छाटणीची कात्री घेऊन शेतात असतात आणि दुपारी तळघरात पिंपे भरून घेतात. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी वेगळी माणसे नसतात. जायचे असेल तर काही आठवडे आधी पत्र लिहून वेळ मागावी, ठरलेल्या वेळेला पोहोचावे, अंगावर अत्तर नसावे, आणि द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत तर अजिबात जाऊ नये. तांबडी वाइन आधी आणि पांढरी नंतर देण्याची तिथे अनेकांची रीत आहे. पांढरीतला आंबटपणा तोंडात राहिला तर तांबडी कडक लागते, असे त्यामागचे कारण मला सांगण्यात आले आणि अनुभवाने ते पटले.

दगडाची चव वेलीतून वाइनमध्ये उतरते असे पुष्कळदा लिहिले जाते. ते मला मान्य नाही, आणि वेलीचे शास्त्रही तसे सांगत नाही. मुळे दगड पीत नाहीत. वर पेरिएरमध्ये मातीचा थर पातळ आहे, खाली चुनखडक लगेच लागतो, पाण्याचा निचरा झपाट्याने होतो आणि वेलीला हात राखून वाढावे लागते. शार्ममध्ये माती खोल आहे, ओल टिकते आणि घड अधिक सुखात पिकतो. जिभेवर जो फरक येतो तो या पाण्याच्या हिशोबातून येतो. हे मला पुस्तकांतून जेवढे कळले नाही तेवढे आमच्या अण्णांनी एका सकाळी दाखवून दिले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जूनमध्ये माझ्याकडे आले होते. ते माळकरी आहेत आणि त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, पण निफाडला चाळीस वर्षे द्राक्षबाग सांभाळली आहे. मी त्यांना मर्सोच्या त्या वाटेवर नेले. आधी त्यांना वेलींच्या दाटीचे नवल वाटले. तिथे हेक्टरी सुमारे दहा हजार वेली असतात, म्हणजे एकरी चार हजार, आणि त्या कमरेच्या उंचीच्या. आमच्या बागेत एकरी हजाराच्या आत वेली आहेत आणि त्यांवर दहा टन माल निघतो. इथे एकरी दोन-अडीच टनांवर थांबतात, कारण हेक्टरी किती वाइन काढायची याची मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली आहे. नंतर त्यांनी वाकून वाटेच्या वरच्या अंगाची मूठभर माती घेतली, बोटांत चोळली, टाकली आणि खालच्या अंगाची घेतली. “वरची मुरमाड आहे, पाणी धरणार नाही. खालच्या रानात दम आहे, पण पाऊस लांबला तर मणी फुगतील,” ते म्हणाले. मी तळघरात ज्याला ताण आणि भरीवपणा म्हणत होते, ते त्यांनी पेला हातात न घेताच सांगितले होते.

भावाचा प्रश्न मात्र चवीने पूर्ण सुटत नाही. रोमाने-काँती हे शेत १.८ हेक्टरचे आहे, त्यातून वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि त्या साऱ्या जगाला हव्या असतात. तो भाव चवीचा कमी आणि टंचाईचा अधिक आहे. त्यात निसर्गाचीही भर पडते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर गोठवणारे दंव पडले, लोकांनी रात्रभर शेतांत मेणाचे टेंभे आणि ओला पेंढा जाळला, तरी शार्दोने लवकर फुटते म्हणून तिचे सर्वांत जास्त नुकसान झाले. त्या पिकाची वाइन चाखायला मी गेले तेव्हा तळघराचा मोठा भाग रिकामा होता आणि जिथे एरवी सहा पिंपे असत तिथे एकच होते. म्हणून पैसे जपून वापरायचे असतील तर चांगल्या विन्येरोंची साधी, फक्त प्रदेशाचे नाव असलेली बूर्गोन्य घ्यावी, किंवा शेजारच्या सँतोबँ गावची पांढरी घ्यावी. मी स्वतः घरी बहुतेक वेळा हेच घेते.

अण्णांना घेऊन मी त्या दिवशी तळघरातही गेले. ते पीत नाहीत हे मी आधीच कळवले होते, त्यामुळे त्यांच्यासाठी टेबलावर त्याच शेतांमधल्या द्राक्षांचा रस ठेवलेला होता आणि अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग घरधन्याने मला विचारले, की तुमच्याकडे पावसाळ्यात पानांवर केवडा हा रोग येतो तेव्हा तुमचे वडील काय फवारतात? मी भाषांतर करायच्या आत अण्णांनी त्याच्या हातातला रोगट पानाचा तुकडा पाहिला आणि म्हणाले, “बोर्डो.” मोरचूद आणि कळीच्या चुन्याचे हे मिश्रण १८८० च्या दशकात बोर्दो भागात तयार झाले आणि त्या भागाच्या नावानेच आमच्या शिवारात रुळले. विन्येरोंला तो एक शब्द पुरला. चुना किती घालता, असे त्याने बोटांनी विचारले. आता तांब्यावर हेक्टरी वर्षाला सरासरी चार किलोची मर्यादा आहे आणि ग्रॅम ग्रॅम मोजावा लागतो, हे त्याने मला सांगायला लावले. अण्णांनी खिशातली डायरी काढून आपले प्रमाण लिहून दाखवले, त्याने फळ्यावर स्वतःचे लिहिले, आणि पुढचा पाऊण तास ते दोघे पिंपांच्या मधोमध उभे राहून पंपाच्या नोझलविषयी बोलत राहिले.