उधळ्या पुत्रावर पुन्हा एकदा उपदेश करायचा असेल तर

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) संडे स्कूलच्या पोरांनाही तोंडपाठ असतो. धाकटा मुलगा वाटा घेऊन दूर जातो, सगळं उधळतो, दुष्काळात डुकरं राखतो आणि घरी परततो. बाप मेजवानी देतो, आणि घरी राबणारा थोरला रागावून बाहेरच थांबतो. त्यामुळे त्यावरचा उपदेश झटकन तयार होतो आणि चर्चच्या फाटकापर्यंत जाईतो विसरलाही जातो. रविवारच्या शास्त्रपाठांच्या तीन वर्षांच्या पाठक्रमात लूकच्या वर्षी, लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) चौथ्या रविवारी, अनेक चर्चमंडळ्यांत हाच पाठ येतो. त्या आठवड्यात पहिले दोन दिवस काहीही लिहू नये. नुसतं वाचावं, आणि तेही मोठ्याने.

वाचायला ११व्या वचनापासून नव्हे, १ल्यापासून सुरुवात करावी. येशू पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांबरोबर जेवतो म्हणून परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे पंडित) कुरकुर करताहेत. दाखला त्यांना सांगितलेला आहे. म्हणजे थोरला भाऊ ही शेपूट नव्हे, गोष्ट त्याच्याच दिशेने चालली आहे. २४व्या वचनावर थांबणारा उपदेश अर्धाच पाठ सांगतो. आपल्याकडचे बहुतेक तिथेच थांबतात, कारण पश्चात्तापाचं आवाहन तिथे सोयीचं बसतं.

आता १८-१९ आणि २१ शेजारी शेजारी ठेवून पाहा. डुकरांत बसून धाकट्याने तीन गोष्टी घोकल्या: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. बापासमोर पहिल्या दोनच बाहेर पडतात. तिसरी येण्याआधी बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. मग १२वं वचन बघा: मालमत्ता ‘त्यांच्यात’ वाटली गेली, म्हणजे थोरल्याचाही वाटा ठरला. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या २१:१७ प्रमाणे थोरल्याला दुप्पट, म्हणून धाकट्याचा एक तृतीयांश. तो उडाला. घरात उरलं ते पुढेमागे थोरल्याचंच, आणि मेजवानीचं वासरू त्यातलं! त्याचा राग समजून घेतल्याशिवाय त्याला ढोंगी ठरवू नये.

एवढं हाती आलं की बुधवारपर्यंत उपदेश एका वाक्यात लिहावा. उदाहरणार्थ: बाप दोन्ही मुलांसाठी घराबाहेर येतो, पण थोरला आत गेला की नाही हे दाखला सांगत नाही. विसाव्या वचनात बाप धावत येतो, अठ्ठाविसाव्यात समजूत काढायला. या वाक्याला ज्याची गरज नाही ते कापायचं: शेंगांची जात, अंगठीचा गूढ अर्थ, दुष्काळावरचं चिंतन. वाक्य लिहिता येत नसेल तर उपदेश अजून तयार नाही, मग टिपणांची पानं कितीही भरलेली असोत.

पतन, पश्चात्ताप, पुनर्स्थापना असे एकाच अक्षराचे तीन मुद्दे घेण्याची सवय मराठी पुलपिटावर (उपदेशाच्या व्यासपीठावर) फार मुरली आहे. लक्षात ठेवायला ते सोपे जातात हे खरं. पण इथे थोरल्यासाठी ‘प’ सापडत नाही, आणि त्या नादात तोच गळतो.

वीस मिनिटांचा उपदेश म्हणजे संथ बोलण्यात सुमारे दोन हजार शब्द. निम्म्याहून जास्त वेळ पाठालाच द्यावा. बाकीची शास्त्रवचनं फार तर दोन काढायला लावावीत. दर दोन मिनिटांनी ‘काढू या’ म्हटलं की मंडळी पानंच उलटत बसते.

अडखळतं ते लागूकरणात, म्हणजे पाठ आजच्या जगण्याशी जोडण्यात. ‘प्रार्थना करा, वचन वाचा, उपासनेला या’ हे दर रविवारी चालतं, म्हणून कुणालाच लागत नाही. आपल्या गावांत बाप हयात असताना वाटण्या मागितल्या जातात, सातबाऱ्यावरून भावांचं बोलणं बंद होतं, आणि आईबापांना सांभाळणाऱ्या भावाला मुंबईहून सणाला आलेल्याचे लाड बघावे लागतात. त्या सांभाळणाऱ्याशी दोन मिनिटं थेट बोला. फक्त मंडळीत चालू असलेला एखाद्या घरचा वाद ओळखू येईल इतकं जवळचं उदाहरण घेऊ नका. पुलपिटावरून मारलेल्या टोमण्याला समोरच्याला उत्तर देता येत नाही.

शनिवारी उपदेश उभं राहून, घड्याळ लावून, पूर्ण म्हणून पाहावा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ‘नाही’ तर अगदी शेवटी. वाक्याच्या अखेरीस आवाज खाली गेला की जुन्या दगडी चर्चमध्ये मागच्या बाकांवर नेमकं उलटं ऐकू जातं. ‘बाप त्याला मोलकरी करत नाही’ यातला ‘नाही’ पोचलाच पाहिजे. घुमणाऱ्या वास्तूत वाक्यं आठ-दहा शब्दांची ठेवावीत आणि वाक्य संपल्यावर श्वासभर थांबावं. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवून घुमणं वाढतंच.

‘शेवटी’ हा शब्द एकदाच वापरावा. नंतरच्या प्रार्थनेत उपदेश पुन्हा सांगू नये. देवाने तो ऐकलेला असतो. उपदेशानंतरचं गीत गुरुवारपर्यंत ठरवून पेटी-तबलावाल्यांना कळवावं, नाहीतर त्यांना येणारं कुठलंतरी जोशपूर्ण गीत सुरू होतं आणि अंगणात उभा असलेला थोरला भाऊ टाळ्यांत हरवतो.

सोमवारी टिपणावर तारीख, पाठ, ते एक वाक्य आणि वापरलेली उदाहरणं लिहून ठेवावीत. तीन वर्षांनी हाच पाठ परत येईल तेव्हा मंडळी तीच असेल.